गडगा आपला, किल्ली कोणाची?

आमच्या जामसंड्याला आणि एकूणच देवगडच्या बाजूला कलमांच्या बागेभोवती गडगा असतो. चिखल-चुना न वापरता, जांभ्याचे दगड एकमेकांवर बसवून रचलेली ही कमरेएवढी भिंत. तिला एक बेडे असते, म्हणजे दोन खांबांच्या भोकांतून आडवे वासे सरकवून केलेले फाटक. घाटावरच्या पाहुण्याला या बंदोबस्ताचे हसू येते. ज्याला चोरी करायची आहे तो टांग टाकून आत येईल, हे काय सांगायला हवे? पण गडग्याचे काम वेगळे आहे. गुरे आत शिरत नाहीत, आणि माणसाला कळते की इथून पुढे दुसऱ्याची हद्द आहे. बेड्याचे वासे कधी सरकवायचे हे मात्र बागेचा मालक ठरवतो. माझ्या आजोबांच्या वेळी बांधावरून भाऊबंदकी झाली, मोजणीदार आले, पण "तुमचे बेडे आमच्या ताब्यात राहील" असे बाहेरच्या कोणी येऊन सांगितले नव्हते.

गेल्या गणपतीत हे सारे मला आठवले ते एका मूठभर आकाराच्या पेटीमुळे.

माझा मुलगा पुण्याला संगणकाच्या कामात आहे. सुट्टीवर येताना तो मोदकांच्या साच्याबरोबर ही पेटी घेऊन आला. तिला फायरवॉल म्हणतात. बाहेरून घरात काय यावे आणि घरातून बाहेर काय जावे, याची तपासणी करणारा हा राखणदार. मी म्हटले, "आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" तो हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेत चौतीस वर्षे काढलीत. कॅश काउंटर, स्ट्राँगरूम आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा बाक एकाच खोलीत ठेवला असतात का?" मग त्याने घरातली यादी वाचली. बागेतले दोन कॅमेरे, टीव्ही, तीन फोन, सौ.चा टॅब, आणि ज्यावरून मी पेन्शनचे खाते बघतो तो माझा संगणक. ही सगळी मंडळी एकाच सतरंजीवर बसलेली. त्यातला एखादा स्वस्तातला कॅमेरा फितूर झाला, तर तो थेट माझ्या खात्याच्या शेजारी बसलेला असणार.

पटले. पेटी जोडायला घेतली आणि तिथून आमचे घोडे अडले.

आमच्याकडे इंटरनेट येते ते केबलवाल्याकडून. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास ज्या धंद्याने घरोघर उपग्रह वाहिन्या पोचवायला सुरुवात केली, त्याच धंद्याची आता दुसरी पिढी आहे. तेव्हा माडा-पोफळीवरून काळी तार यायची, आता त्याच वाटेने फायबर येते. घरात भिंतीवर कंपनीची एक पेटी असते. तिच्यात फायबर शिरते आणि तिच्यातून घरभर इंटरनेट पसरते. मुलाचे म्हणणे साधे होते. कंपनीच्या पेटीने फायबरमधले संदेश नुसते पलीकडे द्यावेत, बाकी दाराची राखण आपली पेटी करील. या व्यवस्थेला ते लोक 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. पूल फक्त पलीकडे नेतो, प्रवाशाची झडती घेत नाही.

पण हा बदल करायला कंपनीच्या पेटीचा पासवर्ड लागतो. तो आम्हाला दिलेलाच नव्हता. केबलचा मुलगा आला. भला पोरगा, चवथीत आमच्याकडे आरतीला येणारा. म्हणाला, "काका, तेका हात लावू नकात. पासवर्ड हापिसात आसता. आमका पण देत नाय."

मग दुसरा उपाय. कंपनीची पेटी आहे तशी ठेवायची आणि तिच्या मागे आपली लावायची. दिवा लागला, इंटरनेट काही येईना. तासाभराने मुलाने कारण शोधले. घरातल्या यंत्रांना देण्यासाठी काही आकड्यांचे पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. कोणीही ते आपल्या घरात वापरावेत. बहुतेक पेट्या कारखान्यातून १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते पत्ते घेऊन येतात. कंपनीच्या पेटीचा घर क्रमांक आणि आमच्या पेटीचा घर क्रमांक एकच निघाला. एका वाडीत दोन घरांना एकच नंबर असला तर पोस्टमनने काय करायचे? आमच्या पेटीच्या आतले क्रमांक बदलले आणि गाडी सुरू झाली.

मालवणच्या एका मित्राची अडचण याहून निराळी होती. गाडीला जसा चासी नंबर, तसा अशा प्रत्येक यंत्राला कारखान्यात एक क्रमांक मिळतो. त्याच्या केबलवाल्याने जुन्या पेटीचा क्रमांक आपल्या वहीत नोंदवून घेतला होता. दुसरी कोणतीही पेटी लावली की तारेतून काही येतच नसे. शेवटी त्याच्या पुतण्याने नव्या पेटीला जुन्या पेटीचा क्रमांक धारण करायला लावला, तेव्हा तिला आत घेतले. स्वतःच्या घरात स्वतःची वस्तू लावायला तिला सोंग घ्यावे लागले!

आमच्याकडे शेवटी पूलही झाला. आठवड्याने केबलचा मुलगा पुन्हा आला, तीन फोन केले, पाच मिनिटे काहीतरी खटपट केली आणि जाताना हळूच म्हणाला, "झाला काका. पण सायबांका सांगू नकात." महिना बरा गेला. मग एका रात्री कंपनीने आपली पेटी दुरूनच अद्ययावत केली आणि आमचा पूल वाहून गेला. दोन दिवस घर अंधारात. सौ.ची कोल्हापूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर ठरलेली भेट हुकली. तक्रार नोंदवायला गेलो तर पलीकडून उत्तर आले की तुम्ही परवानगीशिवाय फेरफार केलात. खोटे तरी कसे म्हणू? एका चांगल्या मुलाच्या उपकारावर मी माझ्या घराचे दार चालवत होतो. उपकार आणि हक्क यांतला फरक बँकेत कर्ज मंजूर करताना मी शेकडो लोकांना समजावला असेल. तो मला निवृत्तीनंतर कळला.

आता प्रश्न असा की हा खटाटोप हवाच कशाला? केबलचा मुलगाही हेच म्हणाला होता. या कंपनीचे पुष्कळसे ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरचा कोणी थेट तुमच्या घरात येऊच शकत नाही, मग वेगळी भिंत कशाला? बोलणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी वाचकांना आमच्याच तालुक्यातल्या विजयदुर्गाला नेतो.

विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी आहे. समुद्राकडून असा किल्ला घेणे अवघड, ही त्याची ख्याती. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने तोफा डागल्या तेव्हा एक गोळा तुळाजी आंग्रे यांच्या एका जहाजावर पडला. ते पेटले, आणि दाटीने उभ्या असलेल्या इतर जहाजांना त्याची आग लागत गेली. बघता बघता आंग्र्यांचे आरमार जळाले. तट जागच्या जागी होता. फायरवॉल हा शब्द मुळात बांधकामातला. एका खोलीची आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. ती बाहेरच्या शत्रूइतकीच आतल्या दाटीसाठी असते.

२०१६ साली याचे आधुनिक प्रात्यक्षिक झाले. 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रामने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि इंटरनेटच्या पेट्या ताब्यात घेतल्या. युक्ती अगदी बाळबोध. कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फितूर यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका पत्तेवाल्या कंपनीवर चाल केली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे कित्येक तास बंद पडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे या चढाईत होते, त्यांना पत्ताही नव्हता. पुढच्याच महिन्यात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या सेवेला फटका बसला. तिथे मारा झाला तो पेट्यांची दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या दारावर. कंपनीने आपल्या सोयीसाठी ठेवलेले मागचे दार गिऱ्हाइकाच्या घराला भोवले.

आणि बँकेचा माणूस म्हणून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा ऑगस्ट २०१८ कसा विसरू? ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. चोरांनी तिजोरी फोडली नाही. पैसे देण्याची मंजुरी मागणारे संदेश बँकेच्या मूळ हिशेबयंत्रणेपर्यंत पोचूच दिले नाहीत, मधेच आपली बनावट खिडकी उघडली आणि तिथूनच 'द्या' म्हणून उत्तरे दिली. शंभर वर्षांहून जुन्या, जाणत्या सहकारी बँकेची ही गत, तर जामसंड्यातल्या पेन्शनरची काय कथा?

केबलवाल्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. न्यायाच्या गोष्टीत एकाचेच म्हणणे लिहिणे हा लेखकाचा दोष, आणि अर्जदाराचेच ऐकणे हा बँक अधिकाऱ्याचा.

पहिली गोष्ट म्हणजे पत्त्यांचा दुष्काळ. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आपला देशच १४० कोटींच्या वर. आशियाकडचा साठा २०११ च्या एप्रिलमध्ये तळाला लागला, त्यानंतर रेशनिंग सुरू झाले. उशिरा धंद्यात आलेल्या छोट्या पुरवठादाराला मूठभर पत्त्यांत शेकडो घरे बसवावी लागतात. चाळीत एकच टपालपेटी असावी तसे. दुसरी गोष्ट म्हणजे जबाबदारी. अशा सामाईक पत्त्यावरून कोणी गुन्हा केला तर पोलीस पुरवठादाराच्या दारात येतात. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार त्याला १८० दिवसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. कोणत्या घरातून काय झाले हे सांगता आले नाही तर तो गोत्यात. तिसरी गोष्ट म्हणजे आपण. पेटीची बटणे दाबून सगळे बिघडवायचे आणि रात्री अकराला त्या पोराला फोन करायचा, वर शेजाऱ्यालाही आपल्याच तारेवर बसवायचे, हे प्रकार आपल्याकडे होतातच. कुलूप लावण्याचा मोह त्याला का होतो, हे समजण्यासारखे आहे.

पण समजणे म्हणजे मान्य करणे नव्हे. विजेचेच उदाहरण घ्या. खांबापासून मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची. मीटरला सील, त्याला हात लावला तर गुन्हा, आणि ते योग्यच. मीटरच्या पुढची वायरिंग, मेन स्विच, फ्यूज, पंखे आपले. मेन स्विचची किल्ली आमच्याकडे राहील, असे वायरमन म्हणाला तर आपण त्याला चहाही न पाजता परत पाठवू. हद्द कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे विजेच्या बाबतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इंटरनेटच्या बाबतीत ती रेघ कोणी आखलेली दिसत नाही.

टेलिफोनच्या जगात हे भांडण जुने आहे. अमेरिकेत एकेकाळी टेलिफोनचे यंत्र कंपनीच्या मालकीचे असे, त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला बंदी होती. बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी लावायचा एक साधा पेला १९५६ साली कोर्टाच्या निकालानंतर चालू दिला गेला. १९६८ साली तिथल्या नियामकाने कार्टरफोन प्रकरणात निर्णय दिला की, जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहक आपले यंत्र जोडू शकतो. पुढे घरोघर आन्सरिंग मशिन, फॅक्स, मोडेम आले ते या दारातून. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमात आपल्या पसंतीचे यंत्र वापरण्याचा ग्राहकाचा हक्क लिहिला. जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीचीच पेटी वापरण्याची सक्ती कायद्याने संपवली. तिथेही कंपन्यांनी जाळे कोसळेल अशी भीती घातली होती.

आपण याबाबतीत मागासलेले आहोत असे मुळीच नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तिथपासून इथवर आपण मोठी मजल मारली. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर न बदलता मोबाइल कंपनी बदलण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, असा दुजाभाव बंद केला. २०१८ मध्ये सरकारने सर्व मजकुराला समान वागणूक देण्याचे तत्त्व पुरवठादारांच्या परवान्यात आणले. या नियमांचा रोख तारेतून काय वाहते यावर आहे. तार घरात शिरते तिथल्या पेटीवर हुकूम कोणाचा, हा त्यापुढचा प्रश्न आहे. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सबद्दल ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की, केबलवाला बदलला तरी तोच बॉक्स चालावा. इंटरनेटच्या पेटीलाही तोच न्याय का नको?

मला उत्तर सापडते ते बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक ग्राहकाची. बँकेची आधी फिरते, मग ग्राहकाची, आणि बँकेचा माणूस बाहेर जातो. आत काय आहे हे तो विचारत नाही. तरीही बँकेची जबाबदारी सुटत नाही. १९ फेब्रुवारी २०२१ ला अमिताभ दासगुप्ता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकता येणार नाहीत. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीने किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाले, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई. घरातल्या पेटीलाही अशा दोन किल्ल्या असाव्यात. तारेची, वेगाची, बिलाची आणि पोलिसांना लागणाऱ्या नोंदींची किल्ली कंपनीकडे. घराच्या आत कोण कोणाशी बोलेल, कोणती यंत्रे वेगळ्या खोलीत बसतील, ही किल्ली आपल्याकडे. आणि ज्याला दोन्ही किल्ल्या स्वतःकडेच ठेवायच्या असतील, त्याने नुकसानीची जोखीमही घ्यावी. एकही पुरवठादार ही अट मान्य करील असे मला वाटत नाही. किल्ली सोडायला तोच उत्तम उपाय!

तोवर आपण काय करावे? नवे कनेक्शन घेताना दरमहाच्या दराबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. पेटीचा पासवर्ड मला बदलता येईल का? माझी पेटी लावायची असेल तर पूल करून द्याल का, आणि तसे लिहून द्याल का? तुम्ही दुरून फेरफार कराल तेव्हा मला आधी कळवाल का? नव्या पद्धतीचे पत्ते, ज्यांना आयपीव्ही सिक्स म्हणतात, ते देता का? हे पत्ते इतके मुबलक आहेत की प्रत्येक घराला, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. मात्र मग सामाईक टपालपेटीचा आडोसाही जातो, आणि दारावरचा राखणदार अधिकच आवश्यक होतो. ज्यांना वेगळी पेटी परवडत नाही त्यांनी निदान कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलावा आणि वायफायमध्ये पाहुण्यांसाठी असलेली दुसरी ओळ सुरू करून कॅमेरे, टीव्ही तिथे बसवावेत. याला एक पैसाही पडत नाही.

एक भ्रम मात्र नको. फोनवरून पोलिसांचा आव आणून 'डिजिटल अटके'ची धमकी देणाऱ्याला आपणच ओटीपी वाचून दाखवला, तर कोणतीही भिंत वाचवणार नाही. बेडे आतून उघडले तर गडग्याला काय दोष?

आमचे सध्या बरे चालले आहे. पूल परत मागितला, मिळाला नाही. कंपनीच्या पेटीमागे आमची पेटी, अशा दोन भिंती आहेत. बाहेरून बाग दिसत नाही, म्हणून आमचीच पेटी आतून पुण्याच्या घरी हाक मारते आणि त्या वाटेने मुलाला कलमांचा मोहर दिसतो. बाहेरच्याला आत येता येत नसले तरी आतल्याला बाहेर जाता येते, या नियमाचा हा फायदा. जुगाड म्हणा हवे तर. कंपनीला मी रीतसर पत्र लिहिले आहे, बँकेतल्या सवयीने पोच घेऊन. उत्तर आलेले नाही.

परवा केबलचा मुलगा वसुलीला आला. पावसात ढासळलेला गडगा आम्ही गड्यांकडून नीट करून घेत होतो. त्याने न सांगता दोन दगड उचलून दिले. मग बेड्याशी थांबला आणि हाक मारली, "काका, येव काय?" वासे नुसते सरकवायचे होते, ते त्याच्या हाताच्या अंतरावर होते. तरी त्याने विचारले. आमच्याकडे तशी रीतच आहे. त्याच्या कंपनीकडून मी याहून जास्त काही मागत नाही.